फाट्यावरून निघणारी रेघ

‘एज केस’ हा शब्द कोणी माझ्यासमोर काढला की अजूनही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. सॉफ्टवेअर लिहिणारी माणसं हा शब्द फार लाडाने वापरतात. त्याचा अर्थ एवढाच, की बाई, तुमची अडचण खरी असेल, पण ती इतक्या थोड्या लोकांना येते की तिच्यासाठी आम्ही कशाला हात हलवायचा? माझ्या भावाच्या मुलीला त्यांनी एज केस म्हटलं. तिच्याबरोबर आमचा अख्खा मोहल्लाही त्या दोन शब्दांत गुंडाळून बाजूला ठेवला, आणि वर हसरा चेहरा टाकला. तो पिवळा हसरा चेहरा मी अजून विसरले नाही.

मी यवतमाळला एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते आणि सकाळी धावते. चाळिशी ओलांडलेली बाई ट्रॅक पँट घालून दारव्हा रोडने धावायला लागली तेव्हा ओळखीचे लोक गाडी थांबवून विचारायचे, ‘काय झालं मॅडम, कोणी आजारी आहे का?’ त्यांना उत्तर देणं मी सोडून दिलं. मोबाईलवर धावणं नोंदवायची जी ॲप मिळत होती, ती दर महिन्याला वर्गणी मागत आणि माझी रोजची वाट कुठल्यातरी परक्या मशीनवर नेऊन ठेवत. मी कुठून निघते आणि कुठे वळते याची चौकशी त्यांना कशाला? शोधता शोधता मला एक फुकट सॉफ्टवेअर सापडलं. ते मोबाईलमधल्या जीपीएसवरून धावणं, सायकल, चालणं सगळं टिपायचं, नकाशावर त्याची रेघ काढायचं, कुठे वेग पडला आणि कुठल्या चढाला दम लागला ते दाखवायचं. नोंदी आपल्याच मोबाईलमध्ये राहायच्या. त्याचा कोड उघडा होता. कोणीही वाचावा, सुधारावा, वाटलं तर उचलून आपलं वेगळं काढावं, याला पूर्ण मोकळीक.

ते सुरू केलं युरोपातल्या एका गृहस्थांनी. त्यांना मी कधी पाहिलेलं नाही. मी आधी त्याचं मराठी भाषांतर केलं. मग माझ्या लक्षात आलं, की आपल्याकडच्या स्वस्त मोबाईलमध्ये स्क्रीन बंद झाली की बॅटरी वाचवायच्या नावाखाली फोन ॲपचा गळा दाबतो आणि धावण्याची रेघ वळण सोडून कापसाच्या वावरातून सरळ जाते. ते मी दुरुस्त केलं. मग अजून काही केलं. दोन-अडीच वर्षांत त्या गृहस्थांनी मला मूळ कोडमध्ये स्वतः भर घालायचा अधिकार दिला. पगार नाही, मानधन नाही, पण संध्याकाळी भाकरी टाकून झाल्यावर लॅपटॉप उघडला की मला बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू, मला त्या कामाचा अभिमान होता.

आता माझी भाची. म्हणजे सख्ख्या भावाची मुलगी, मला आत्या म्हणते. ती नेरजवळच्या आमच्या गावी राहते, नेरच्या कॉलेजात शिकते आणि पोलीस भरतीची तयारी करते. आमच्या भागात भरतीची तयारी म्हणजे काय, ते सकाळी कुठल्याही रस्त्यावर उभं राहिलं की दिसतं. अंधार असतानाच पोरं-पोरी पळत असतात. ही गावापासून नेरच्या मैदानापर्यंत पळत जायची. तिथे एक निवृत्त फौजी पोरापोरींना शिकवतात. सगळे त्यांना सर म्हणतात. शिकवण्याचे ते काही घेत नाहीत, हे आधीच सांगते, नाहीतर मी रागाच्या भरात त्यांच्यावर अन्याय करीन. शेती आहे, पेन्शन आहे, मैदानाला लागूनच मोठं घर आहे. बाहेरगावाहून पळत येणाऱ्या पोरींनी त्यांच्याच घरी आंघोळ करायची, कपडे बदलायचे आणि तिथूनच कॉलेजला जायचं, अशी रीत त्यांनीच घालून दिली होती. भाचीचे आठवड्याचे कपडे आणि पुस्तकं त्या घरात ठेवलेली असत. सरांच्या बायकोला सगळ्या पोरी काकू म्हणत. काकू सगळ्यांना चहा द्यायच्या, स्टीलच्या पेल्यात, कधी सोबत पोहे. त्या घराशिवाय भाचीची तयारी होऊच शकत नव्हती. पळून घामाने निथळणारी पोरगी परत गावी जाऊन, आंघोळ करून, एसटीने कॉलेजला पोचेपर्यंत दुपार झाली असती.

माझं सॉफ्टवेअर सरांना मीच दिलं. त्यांना ते भयंकर आवडलं. फौजी माणूस, त्यांना हिशोब पाहिजे. सगळ्यांनी आठवड्याच्या नोंदी ग्रुपवर टाकायच्या, आणि रविवारी सर त्या लॅपटॉपवर उघडून हॉलमधल्या टीव्हीला जोडायचे. उपग्रहाच्या नकाशावर सगळ्यांच्या रेघा एकदम यायच्या, लाल, निळ्या, हिरव्या. कोणाचा वेग वाढला, कोण पुलाजवळ रोज थांबतो, कोणी वळणावर शॉर्टकट मारला, सगळं उघडं पडायचं. पोरं खदखदून हसायची. ज्यांचं आठवड्याचं अंतर जास्त, त्यांची पहिली तुकडी, आणि तिला सर यवतमाळच्या मोठ्या मैदानावर सरावाला न्यायचे.

भाचीची रेघ नेहमी आमच्या गावच्या फाट्यावरून सुरू व्हायची. पळायची ती घरापासून, पण ॲप चालू करायची फाट्यावर आल्यावर. आमच्या मोहल्ल्यातून अजून तीन पोरी यायच्या, त्याही तसंच करायच्या. हे कोणी कोणाला शिकवलेलं नव्हतं. मला त्याचं कारण विचारावं लागलं नाही, कारण मी त्याच मोहल्ल्यात वाढले. आमचा मोहल्ला नाल्याच्या पलीकडे आहे. विहार आहे, निळा झेंडा आहे, आणि बाकी सगळं गाव अलीकडे आहे. बसमध्ये कोणी ‘कुठल्या?’ विचारलं तर आम्ही गावाचं नाव सांगतो. त्यावर पुढचा प्रश्न येतो, ‘गावात कुठं?’ हा प्रश्न ज्यांना कधी पडला नाही, त्यांना फाट्यावर ॲप चालू करण्याचा अर्थ लागणार नाही. भाचीचं आडनाव असं आहे की त्यावरून काही कळत नाही. नेरमध्ये तिला कोणी विचारलं नव्हतं, तिनेही सांगितलं नव्हतं. का सांगावं? बाकीच्यांनी सांगितलं होतं का?

पण फाट्यापर्यंतचं अंतर नोंदीत येत नसल्याने ती पहिल्या तुकडीत बसेना. एका रविवारी सरांनी सगळ्यांसमोर तिला उभं केलं.

‘घरून निंगतं ना वो तू? मंग चालू काहून नाई करत? का फाट्यालोक गाडीवर येतं?’

पोरं हसली. गाडीवर येते म्हणे! माझ्या भावाच्या घरी गाडी नाही, सायकल आहे, आणि तिलाही हवा भरायची असते. भाचीने मान खाली घातली, आणि दुसऱ्या दिवसापासून घराच्या उंबऱ्यावर ॲप चालू केलं. लबाड ठरण्यापेक्षा ते बरं, असं तिला वाटलं असणार.

पुढच्या रविवारी तिची निळी रेघ टीव्हीवर निघाली ती नाल्याच्या पलीकडून. काकू चहाचे पेले घेऊन आल्या होत्या, त्या टीव्हीसमोर थबकल्या. त्यांचं माहेर आमच्याच पंचक्रोशीतलं.

‘अवो, तू त्या भागातली होय का?’ काकूंनी विचारलं.

‘हो काकू.’

‘असं असं,’ म्हणून काकू आत गेल्या. बस. एवढंच झालं. कोणी कोणाला शिवी दिली नाही, कोणी आवाज चढवला नाही. सोमवारी भाचीला चहा कागदी कपात आला. मंगळवारी काकूंनी तिला दारातच सांगितलं, ‘मोटार बिघडली वो बाई, टाकीत पानी नाई.’ भाची व्हरांड्यात उभी राहिली. तिची कपड्यांची बॅग आतल्या खोलीतून व्हरांड्यात आणून ठेवली होती, आणि तिच्याच फाट्यावरून येतात म्हणून मोहल्ल्यातल्या बाकीच्या तिघींच्या बॅगाही शेजारीच. थोड्या वेळाने दुसऱ्या गावच्या पोरी आतून कपडे बदलून आल्या. त्यांचे केस ओले होते.

हे सगळं तिने मला फोनवर सांगितलं, न रडता, अगदी कोरड्या आवाजात. मी म्हटलं, ‘मी आत्ता येते आणि त्या बाईचं तोंड फोडते.’

‘नोको आत्या,’ ती म्हणाली. ‘तू आलीस का सर मले मैदानावरूनच काढतीन. भरती तोंडावर हाय. मी बस स्टँडवर कपडे बदलवून राह्यली.’

बस स्टँडच्या मुतारीत! पोरगी राज्याच्या पोलीस दलात जायला निघाली आहे आणि नाक दाबून त्या घाणीत कपडे बदलते आहे, कारण माझ्या सॉफ्टवेअरच्या रेघेने तिचं घर दाखवलं. तोंड फोडायला मिळत नव्हतं, म्हणून मी जे माझ्या हातात होतं ते करायला बसले.

घर लपवायची सोय आमच्या सॉफ्टवेअरमध्ये आधीपासून होती. घराभोवती दोनशे मीटरचं वर्तुळ आखायचं, त्यातली रेघ दुसऱ्यांना दिसत नाही. शहरात हे ठीक आहे, दोनशे मीटरात तिथे हजार माणसं राहतात. आमच्या गावात त्या वर्तुळात नेमका आमचा मोहल्लाच बसतो. रेघ कापली तरी ती नाल्याच्या पुलावर उगवते, आणि पुलापलीकडे कोण राहतं ते पंचक्रोशीला ठाऊक आहे. शिवाय कापलेलं अंतर बेरजेतूनही जायचं. मी प्रकल्पाच्या चर्चेच्या पानावर मांडलं, की रेघ कुठून दाखवायची ती जागा धावणाऱ्याला निवडू द्या, फाटा म्हणा, शाळा म्हणा, आणि अंतर मात्र पूर्ण धरा. सगळ्यांसाठी हे आधीपासूनच चालू ठेवा.

युरोपातल्या गृहस्थांनी सभ्यपणे विचारलं, की वर्तुळाने भागत नाही का? मग मला जात समजावून सांगावी लागली. इंग्रजीत, एका चौकोनी खोक्यात, ज्याने नाला पाहिला नाही अशा माणसाला. तीन वेळा लिहिलं आणि पुसलं. गाव कसं वसलेलं असतं, आम्ही नेहमी एका बाजूलाच का असतो, घराच्या दिशेवरून माणूस कसा ओळखतात. आपल्याच अंगावरचा वळ लोकांना दाखवून ‘हा खरा आहे हो’ म्हणून पटवायचं, याच्यासारखी लाज नाही. त्यांनी वाचलं, वाईट वाटलं म्हणाले. आणि म्हणाले, पण ही एज केस आहे, सगळ्यांची सवय कशी बदलणार? शेवटी तो हसरा चेहरा.

त्यांच्यावर मी एक वेळ रागावणार नाही. पण खाली पुण्याच्या एका गड्याने लिहिलं. मराठी माणूस, आमच्याच कामात अधूनमधून हातभार लावणारा, सायकलवर घाट चढल्याचे फोटो टाकणारा. त्याने लिहिलं, ‘सॉफ्टवेअरमध्ये जात कशाला आणता? हे धावण्याचं ॲप आहे. मी इथे कोणाला जात विचारताना पाहिलं नाही.’ अरे बाबा, तुला कोण कशाला विचारेल? तुझी रेघ कुठल्याही दारातून निघाली तरी त्या दाराला कोणी नाव ठेवत नाही. उंटावर बसून शेळ्या हाकायच्या आणि शेळीच्या पायात काटा रुतला तर म्हणायचं, मला तर इथून काटा दिसत नाही! मी असंच लिहिलं, मराठीतच लिहिलं. त्यावर चर्चा ‘विषयाला सोडून’ म्हणून बंद करण्यात आली.

मी पुन्हा विषय काढला, तेव्हा शेवटी तडजोड झाली. सोय घालावी, पण ती आधीपासून बंद असावी, ज्याला हवी तो चालू करेल. पुण्याच्या गड्याचीच ही सूचना, आणि सगळ्यांना ती फार समंजस वाटली. मला ती पटली नव्हती, पण भरती जवळ आली होती. मी कोड लिहिला, तपासला, नवी आवृत्ती काढली आणि सरांना फोन करून नीट समजावलं, की आता रेघ कुठूनही सुरू झालेली दिसली तरी अंतर पूर्णच धरलं जातं, कोणी लबाडी करू शकत नाही. घर कोणाचंच दिसायची गरज नाही, हेही सांगितलं. पोरींच्या घरांचे पत्ते टीव्हीवर बरे नाहीत, एवढंच कारण दिलं. सर म्हणाले, ‘बरोबर हाय मॅडम, समजलं मले.’

त्या रविवारी मी मुद्दाम नेरला गेले. हॉल भरला होता. मी मागे भाचीशेजारी बसले. सरांनी टीव्ही लावला. रेघा आल्या. लाल रेघ एका घरापासून, हिरवी दुसऱ्या घरापासून, कोणाची मळ्यातल्या जनावरांच्या कोठ्यापासून, कोणाची मारुतीच्या पारामागच्या गल्लीतून. आणि चार रेघा फाट्यावरून, जणू त्या चार पोरी रोज सकाळी डांबरी रस्त्यातूनच उगवतात. आधी एकट्या भाचीची रेघ नाल्यापलीकडून दिसली होती. आता चौघींची मोट बांधून दिली होती. ज्या पोराला आजवर काही माहीत नव्हतं, त्यालाही त्या मोकळ्या जागेकडे पाहून कळलं असतं, आणि कळलंच. दोघं-तिघं मान वळवून आमच्याकडे पाहायला लागले.

सर माझ्याकडे वळून कौतुकाने म्हणाले, ‘मीच त्या चौघींच्या मोबाईलात लावून देल्लं मॅडम. म्हटलं, तुमच्या पोरीईले तरास नोको.’

तुमच्या पोरी. त्या माणसाच्या मनात खोट नव्हती, हे मला आजही मान्य आहे, आणि त्यामुळेच माझा राग जास्त भडकला. मी उभी राहिले.

‘सर, बाकीच्याईच्या मोबाईलात काहून नाई लावलं?’

‘त्याईले काय गरज हाय?’

‘गरज कोनाले हाय ते मले तुमच्या तोंडून आयकाचं हाय. सांगा सगळ्याईसमोर. या चौघीईले काहून गरज पडली? मोटार कोनासाठी बिघडली होती तुमची?’

सरांना मोटारीचं खरंच ठाऊक नव्हतं. ते स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहत राहिले. भाची माझा पदर ओढत होती. मी थांबले नाही. मी म्हटलं, तुम्ही सीमेवर एका ताटात जेवल्याच्या गोष्टी या पोरांना सांगता, आणि तुमच्या घरात नहाणीपर्यंत जायला पोरीच्या घराची दिशा पाहतात. अजूनही बरंच बोलले. आता ते सगळं आठवत नाही, पण त्यातला एक शब्दही मला मागे घ्यायचा नाही.

घरी येऊन मी पहिलं काम केलं ते म्हणजे मूळ कोड उचलून आपली वेगळी आवृत्ती काढली. त्यात निवड ठेवलीच नाही. कोणाच्याही रेघेचं पहिलं टोक दुसऱ्याला दिसत नाही, पाटलाच्या पोराचं नाही आणि आमचंही नाही. सगळ्यांच्या रेघा मैदानाच्या फाटकापासून दिसतात, अंतर मात्र उंबऱ्यापासून धरलं जातं. पुण्याच्या गड्याने ती आवृत्ती उतरवून पाहिली आणि विचारलं, ‘मला माझं घर दाखवायचं असेल तर सोय कुठे आहे?’ मी लिहिलं, ‘नाही.’ तो म्हणाला, ही हुकूमशाही आहे. असेल बापा.

सरांनी ती आवृत्ती मुकाट्याने सगळ्यांच्या मोबाईलमध्ये घातली. माझी माफी मागितली नाही, पण घरात ते काहीतरी बोलले असणार. कारण पुढच्या वेळी मी गेले तेव्हा पळणं संपलं होतं, पोरी घाम पुसत होत्या, आणि काकू स्वतः फाटकापर्यंत आल्या. भाचीकडे पाहून, चांगल्या मोठ्या आवाजात, मला ऐकू जाईल असं म्हणाल्या, ‘ये वो बाई, मोटार सुदरली आता. पानी हाय. चाल, आंघोळ करून घे.’

भाचीने बॅग खांद्यावर घेतली. तिचा कुर्ता पाठीला चिकटला होता. ती शांतपणे म्हणाली, ‘काकू, माहं घर अजून तिथंच हाय.’ आणि ती बस स्टँडच्या दिशेने चालायला लागली. बाकीच्या तिघी तिच्यामागे गेल्या.

हे मी ज्यांना सांगते ते टाळी देतात. वा, काय उत्तर दिलं पोरीनं! मला त्या टाळ्यांचा संताप येतो. त्या सकाळी ती तशीच घामट अंगाने कॉलेजच्या वर्गात जाऊन बसली, आणि तिच्या बाकावरची मुलगी उठून दुसरीकडे गेली. मला तिचं उत्तर नको होतं. मला तिच्यासाठी बादलीभर पाणी पाहिजे होतं.